कागद कोणी उलटला

आमच्या वाचनकक्षात पेन चालत नाही. पेन्सिल चालते, ती आम्हीच देतो. कोट, पर्स, पाण्याची बाटली बाहेरच्या कपाटात ठेवायची. टेबलावर एका वेळी एकच खोका, खोक्यातून एकच फोल्डर, आणि फोल्डरमधल्या कागदांचा क्रम बदलायचा नाही. अठ्ठावीस वर्षं मी हे दिवसातून चार-पाच वेळा बोलले. एकदा एक गृहस्थ जुन्या काळातल्या सेनापतीच्या गणवेशात, कमरेला तलवार लावून आले. इथे असे हौशी लोक असतात, सुट्टीच्या दिवशी मैदानावर जाऊन जुन्या लढाया पुन्हा लढतात. तलवार कपाटात मावेना. मी म्हटलं, तलवारीचं मग बघू, आधी खिशातलं पेन काढा. त्यांनी काढलं आणि सलामही ठोकला.

अमेरिकेच्या एका युद्धकाळातल्या राष्ट्राध्यक्षांची कागदपत्रं आमच्याकडे आहेत. कुठले राष्ट्राध्यक्ष ते लिहिणार नाही. या कामात एक नियम बाकी सगळ्यांच्या वर आहे: कोणी काय मागितलं, काय वाचलं, हे तिसऱ्याला सांगायचं नाही. म्हणून या लेखातल्या माणसांची नावं बदलली आहेत आणि कागदाचा तपशीलही थोडा फिरवला आहे. एवढं करूनही मी नियमाच्या काठावर उभी आहे, हे मला कळतं. इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकासाठी नोकरीतल्या गमतीजमती लिहा असं मला सांगितलं होतं. तलवारीची गंमत सांगून झाली. बाकी उरलाय तो राग.

आधी काम समजावून सांगते, कारण आमच्या अमेरिकेतल्या गावातल्या, नेपरव्हिलमधल्या, ओळखीच्यांना अजूनही वाटतं की मी दिवसभर पुस्तकांवर शिक्के मारत होते. माझा नवरा तर आमच्या अर्काइव्हला, म्हणजे जुन्या कागदपत्रांच्या संग्रहाला, सरळ गोदाम म्हणतो. ते फार चूक नाही. गोदामच आहे, फक्त आतल्या एकेका कागदाचा पत्ता आम्हाला माहीत असतो. वाचक पहिल्यांदा येतो तेव्हा नोंदणीचा फॉर्म भरतो. मग हवा तो खोका मागण्यासाठी चिठ्ठी भरतो. चिठ्ठीवर तारीख, नाव, खोक्याचा नंबर, खाली माझी सही. या चिठ्ठ्या आम्ही फेकत नाही. उद्या एखादा कागद गहाळ झाला तर शेवटी कोणी पाहिला हे कळायला हवं.

नाजूक कागदांची व्यवस्था वेगळी. मूळ कागद प्लास्टिकच्या पाकिटात घालून, मागे जाड पुठ्ठा लावून, कुलूपबंद कपाटात ठेवतात आणि फोल्डरमध्ये त्याची झेरॉक्स असते. वाचकाला झेरॉक्स मिळते. मूळच बघायचं असेल तर चिठ्ठीवर कारण लिहावं लागतं, मग मी स्वतः जाऊन तो आणते. त्या कपाटाची एक वेगळी वही आहे. कोणासाठी, कधी आणि कशासाठी उघडलं, सगळं तीत असतं.

आमचा सगळ्यात प्रसिद्ध कागद म्हणजे एका आईचा अर्ज. तिचा मुलगा पहाऱ्यावर झोपला म्हणून त्याला मृत्युदंड झाला होता. त्याला सोडा, असं तिने थेट राष्ट्राध्यक्षांना लिहिलं. अर्जाच्या समासात राष्ट्राध्यक्षांनी आपल्या हाताने शेरा मारला: सोडा. मुलगा घरी गेला, शेती केली, म्हातारा होऊन वारला, असं पुस्तकांत लिहिलेलं असतं. या शेऱ्यावर लोकांनी अख्खी प्रकरणं लिहिली आहेत. कंपन्यांतल्या मॅनेजरांना नेतृत्व शिकवणारे लोक हा शेरा पडद्यावर दाखवून करुणा आणि निर्णयक्षमता यांवर तासभर बोलतात. शाळेच्या सहली आल्या की मीही झेरॉक्स हातात धरून हीच गोष्ट सांगायची. शेवटी थोडं थांबून, चांगली रंगवून.

ईशा माझ्या मैत्रिणीची, नीलिमाची मुलगी. जन्मापासून नेपरव्हिलमध्ये. बाबा पुण्याहून आलेले, सॉफ्टवेअरमध्ये. लेक इतिहासात पीएचडी करणार म्हटल्यावर त्यांनी वर्षभर तिला हे हॉबी म्हणूनही करता येतं असं सांगून पाहिलं. ईशा ऐकणारी नव्हती. तिचा विषय आमचेच राष्ट्राध्यक्ष निघाला, तेव्हा नीलिमाचा फोन आला. अगं तू आहेस ना तिथे, तिला जरा आत नेऊन सगळं दाखव. मी म्हटलं, आत कोणालाच नेत नाही, चिठ्ठी भरावी लागेल. नीलिमा म्हणाली, "तू ना, पोस्टातल्या बाईसारखी आहेस अगदी." मी ते कौतुक म्हणून घेतलं.

फेब्रुवारीत, बाहेर गुडघाभर बर्फ असताना, कक्षात ईशा एकटीच होती. ती अर्जाची झेरॉक्स उचलून सरळ माझ्या टेबलाशी आली. कागद जागेवरून उचलायचा नसतो. मी तसं सांगितलं.

"हो मावशी, सॉरी, पण हे बघ ना. देअर्स समथिंग बिहाइंड इट."

शेऱ्याच्या खाली फिकट रेघोट्या होत्या. मी त्या शेकडो वेळा पाहिल्या होत्या आणि जुन्या कागदावरचे डाग समजले होते. ईशाने फोनमध्ये फोटो काढून तो उलटा फिरवला. डागांची अक्षरं झाली. मागच्या बाजूची शाई पुढे उतरली होती. मी तिच्यापुढे चिठ्ठी सरकवली. तिने मूळ कागद मागितला आणि कारणाच्या रकान्यात लिहिलं: मागे अक्षरं दिसतात.

मी कपाट उघडलं, कागद आणला, पाकीट सोडवलं, पुठ्ठा बाजूला केला. अर्जाच्या पाठीवर कारकुनाच्या हातची नोंद होती. हुकूम छावणीत पोचला तेव्हा शिक्षा होऊन गेली होती. अर्ज कचेरीत आला ती तारीखही तिथेच होती. म्हणजे पुढच्या शेऱ्यावरच्या तारखेपर्यंत तो टेबलावर दहा-बारा दिवस पडून होता. आणि त्या नोंदीखाली राष्ट्राध्यक्षांच्या हातच्या दोन ओळी होत्या: असे अर्ज यापुढे आले की त्याच दिवशी माझ्यासमोर आणायचे, मी कोणाबरोबर बसलेलो असलो तरी.

शेती करून म्हातारा झालेला मुलगा कोणीतरी नंतर कधीतरी बनवला होता. पुढच्यांनी तो एकमेकांच्या पुस्तकांतून उचलला. मीही उचलला.

ईशा तिथेच रडायला लागली. मी तिला कागदापासून लांब बसवलं, कारण पाणी. मग मी वही काढली. कपाटातला तो कागद माझ्या काळात दोनदा बाहेर आला होता. एकदा प्रदर्शनाच्या चौकटीसाठी आणि एकदा छत गळलं तेव्हा मीच हलवला म्हणून. त्याआधी पाकीट केलं तेव्हा. अभ्यासक एकही नाही. फोल्डर मागणारे होते, पण त्यांना मिळाली ती झेरॉक्स, आणि ती मी दिली. पुठ्ठ्याच्या मागे काय आहे हे विचारायचं मला सव्वीस वर्षांत सुचलं नाही. त्या दिवशी पहिला राग मला स्वतःचाच आला, तो अजून गेलेला नाही.

दर ऑक्टोबरमध्ये आमच्याकडे या राष्ट्राध्यक्षांच्या अभ्यासकांचं तीन दिवसांचं संमेलन असतं. विषय बहुधा तोच: त्यांचं नेतृत्व आणि त्यांनी मागे काय ठेवलं. माझं काम पहिल्या रांगेत बसून वेळ संपत आल्याच्या पाट्या दाखवायचं. लाखोंचं सैन्य कसं हाकावं यावर बोलणाऱ्या लोकांना घड्याळ वाचता येत नाही, हे मी दरवर्षी बघते. संमेलनाचे सूत्रधार प्राध्यापक व्हिटलो. पाच पुस्तकं, भारदस्त आवाज, कर्मचाऱ्यांशी नेहमी गोड. संमेलनातले निबंध पुस्तकात निघतात, त्याचे संपादक तेच. ज्या विद्यापीठात ईशाने नोकरीसाठी अर्ज केला होता तिथेही निवड त्यांच्याच हातात. आईच्या अर्जाची गोष्ट त्यांच्या पाचही पुस्तकांत आहे. एकाचं तर पहिलं प्रकरणच ती.

ईशाने वीस मिनिटांत आपलं म्हणणं मांडलं, पाटी दाखवायची वेळच आणली नाही. पडद्यावर अर्जाची पाठ दाखवली. तिचा मुद्दा राष्ट्राध्यक्षांना खाली ओढायचा नव्हता. दया दाखवणारे पुष्कळ असतात, ती म्हणाली. इथे दया उशिरा पोचली, आपल्याच कचेरीमुळे पोचली नाही, हे वाचून एका माणसाने दुसऱ्याच दिवसापासून कामाची रीत बदलली. आपण सांगत आलो त्या गोष्टीपेक्षा ही मोठी आहे. मला वाटलं, आता लोक उठून उभे राहतील.

व्हिटलो उभे राहिले. तरुण संशोधकांचा उत्साह आपल्याला नेहमी हवाच असतो, असं म्हणून त्यांनी सुरुवात केली. मग म्हणाले की मागचा मजकूर पुढच्या काळातला आहे, कोणा संग्राहकाने खरडलेला. फोटोत ते कळणार नाही. मूळ कागद हातात घेतलेल्याला शाईतला फरक लगेच दिसतो.

ईशा म्हणाली, मी मूळच पाहिला आहे.

"एकदा," व्हिटलो म्हणाले. "मी या भिंतीपलीकडे बसून तो कितीदा हातात घेतला आहे, ते मला मोजताही येणार नाही."

सभागृह हसलं. कुत्सित नव्हतं, प्रेमळ होतं, आणि म्हणूनच जास्त वाईट. ईशाने कागद आवरायला घेतले.

मी पाटी खाली ठेवली आणि उठले. माझ्या नोकरीत मी संमेलनात तोंड उघडण्याची ही पहिली वेळ. वाचकाबद्दल बोलता येत नाही, पण कागदाबद्दल येतं. मी म्हटलं, हा कागद माझ्या ताब्यात असतो. वाचनकक्ष आज पाचपर्यंत उघडा आहे. शाई एक आहे की दोन, हे ज्याला स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं असेल त्याने येऊन चिठ्ठी भरावी. सत्राच्या अध्यक्षांनी माझे आभार मानले आणि बाहेर कॉफी मांडली आहे असं सांगितलं. साठेक माणसं कॉफीकडे गेली. जन्मभर याच माणसावर लिहिणारी, आणि कागद चाळीस पावलांवर.

कॉरिडॉरमध्ये ईशाने मला गाठलं.

"मावशी, त्याने पाहिलंय का ते? जस्ट येस ऑर नो."

"नाही सांगता येणार."

"पण तुला माहितीये."

"मला काय माहितीये तेही सांगता येणार नाही."

"ही इज लायिंग, आणि तू... देन यू आर ऑन हिज साइड."

मी तिला नियमाचं कारण सांगू लागले. एक प्राध्यापक मला दर महिन्याला चॉकलेटं आणून देऊन, आपला प्रतिस्पर्धी काय वाचतोय ते विचारायचे. मी चॉकलेटं परत करायची. आज त्यांचं सांगितलं तर उद्या तुझं सांगावं लागेल. तुझा शोध आठ महिने गुप्त राहिला तो याच नियमामुळे. हे सगळं बरोबर होतं. ती ऐकत नव्हती, आणि तिच्या जागी मीही ऐकलं नसतं. ती गाडीत बसून निघून गेली.

पाचला वीस मिनिटं कमी असताना वाचनकक्षाचं दार उघडलं. व्हिटलो, एकटे. कोट त्यांनी हातावर घेतला होता. कपाटं बाहेर कुठे आहेत हे त्यांना माहीत नव्हतं, मी दाखवलं. मग नोंदणीचा फॉर्म पुढे केला. त्यात एक प्रश्न असतो: यापूर्वी आपण इथे नोंदणी केली आहे का? त्यांनी जरा वेळ पेन्सिल धरून ठेवली आणि मग 'नाही'वर खूण केली. पर्याय नव्हता, 'हो' म्हटलं असतं तर जुना फॉर्म शोधणारी मीच होते. मी फॉर्म वाचला. मी वाचतेय हे त्यांनी पाहिलं.

कागद आणून दिला. हाताळणी चांगली होती, तेवढं म्हणेन. दोन्ही हातांनी अलगद उलटला, भिंगातून बघितला, दहा मिनिटं काहीतरी लिहून घेतलं. निघताना माझ्या टेबलाशी थांबले.

"तुम्ही इथे किती वर्षं आहात?"

"सव्वीस."

"मग तुम्ही मला इथे अनेकदा पाहिलं असेल."

किती साधा प्रश्न. नुसती मान हलवली असती तरी पुरलं असतं. पण ते तिसरे कोणी नव्हते. त्यांचं त्यांनाच सांगायला कुठलाच नियम आड येत नव्हता.

"नाही," मी म्हटलं. "आजच पाहिलं."

त्यांनी पेन्सिल परत केली आणि गेले. त्या दिवशी दुसरं कोणीही आलं नाही.

पुस्तक पुढच्या उन्हाळ्यात निघालं. ईशाचा निबंध जागेअभावी घेता आला नव्हता. तिला नोकरीही मिळाली नव्हती. आता ती दोन वर्षांचे अभ्यासक्रम असलेल्या एका कॉलेजात तासांवर शिकवते, बर्फातून गाडी हाकत त्याच्या दोन गावांतल्या शाखांत. पुस्तकाची प्रस्तावना व्हिटलोंची. तीत त्यांनी लिहिलं होतं की आपण अलीकडे मूळ अर्ज पुन्हा तपासत असताना कागद उलटला आणि मागच्या नोंदीने आपण थक्क झालो. पुन्हा. शाई एकच आहे, हेही त्यांनी खात्रीने सांगितलं होतं. एका विद्यार्थिनीच्या प्रश्नाने आपल्याला चालना मिळाली एवढा उल्लेख होता, नाव नव्हतं. शेवटी वाचनकक्षाच्या तत्पर सेविकेचे आभार होते. माझं नाव मात्र होतं.

मी पुस्तक घेऊन आमच्या संचालिका लिंडाकडे गेले. तिने शांतपणे ऐकलं. म्हणाली, मला पटतंय तुझं, पण चिठ्ठी दाखवायची नाही हे तूच मला नोकरीच्या पहिल्या आठवड्यात शिकवलंस. खरंच होतं. मी तिच्या टेबलावरून पुस्तक उचललं, त्याला नंबर चिकटवला आणि आमच्याच फळीवर लावलं. तेही माझंच काम. संध्याकाळी नीलिमाने फोनवर आवाज न चढवता एकच विचारलं, "तू तिथेच होतीस ना गं?" हो म्हटलं. तिने फोन ठेवला.

दोन दिवस भांडी आपटून झाल्यावर माझं डोकं चालायला लागलं. नियम म्हणतो, एकाची चिठ्ठी दुसऱ्याला द्यायची नाही. ज्याची त्याला द्यायला काहीच अडचण नाही. ईशा फोन उचलत नव्हती, म्हणून मेसेज केला: तुझी चिठ्ठी तुझी आहे. येऊन माग.

ती शनिवारी आली. "हाय," एवढंच म्हणाली. मी तिला फॉर्म दिला, तिने भरला. मी फेब्रुवारीतली चिठ्ठी काढली, तिची प्रत केली. तारीख, तिची सही, माझी सही, आणि कारणाच्या रकान्यात तिच्या गोल अक्षरात: मागे अक्षरं दिसतात. संमेलनाच्या आठ महिने आधीची. मी प्रतीवर शिक्का मारला. ती ते वाचत राहिली.

"आणि त्याची?"

"त्याची त्याने मागायची. मागितली की त्यालाही मिळेल, आम्ही कोणाला नाही म्हणत नाही."

ती पहिल्यांदा हसली, आनंदाने नाही, तिच्या बाबांसारखी, एखाद्या प्रोग्रॅममधली चूक सापडल्यावर ते हसतात तशी. तिने अभ्यासकांच्या एका नियतकालिकाला अर्ध्या पानाचं पत्र लिहिलं. सोबत आपली चिठ्ठी छापायला दिली, आणि प्राध्यापक व्हिटलो यांनीही आपली छापावी अशी विनंती केली. एवढंच. आरोप एकही नाही. पत्र छापून आलं. उत्तर आलेलं नाही. तीन-चार जणांनी तिला खाजगीत मेल केली की आम्हाला आधीपासून शंका होतीच. जाहीर एकानेही लिहिलं नाही. शंका असलेली ही माणसं त्या दिवशी कॉफी पीत होती, हे मी तिला सांगितलं नाही. तिला माहीत आहे.

पुस्तक निघून वर्ष होत आलं तेव्हा, यंदाच्या जूनमध्ये, मी नोकरी सोडली. समारंभ नको म्हटलं तरी लिंडाने केक आणला. मला कोणी हाकललं नाही, आणि मी नियमही मोडला नाही. पण रोज त्या कपाटाची किल्ली फिरवताना आपण नक्की कोणाची राखण करतोय असं वाटायला लागलं की थांबावं.

यंदाच्या संमेलनाची पत्रिका परवा आली. उद्घाटनाचं भाषण व्हिटलोंचं. विषय: राष्ट्राध्यक्ष आणि चूक कबूल करण्याचं धैर्य. मी ते दोनदा वाचलं आणि ईशाला फोन केला. ती म्हणाली, "पाहिलं मी. आय रजिस्टर्ड ऑलरेडी." नीलिमा आणि ईशाचे बाबा पण येणार आहेत, रजा टाकून. मी सगळ्यांना माझ्या गाडीतून नेणार आहे, सकाळी सातला निघायचं, म्हणजे पुढची जागा मिळेल. भाषणानंतर प्रश्नांना दहा मिनिटं असतात. त्यांच्या चिठ्ठीवरची तारीख विचारायला ईशाला एक पुरेल.